गोदामात रेंज पूर्ण दिसते, तरी चालता चालता वायफाय तुटते : नेमके काय बदलावे?

शिरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचे पंप आणि शेतीयंत्रांच्या सुट्या भागांच्या घाऊक वितरणाचे गोदाम आहे. पत्र्याची उंच शेड, आत लोखंडी रॅकच्या लांब ओळी, एका टोकाला पोटमाळ्यावर ऑफिस आणि दुसऱ्या टोकाला माल भरण्याचा दरवाजा, अशी रचना आहे. मुले हातातल्या बारकोड स्कॅनरने माल काढतात, ती नोंद वायफायवरून ऑफिसातल्या सर्व्हरवर जाते आणि तिच्यावरून बिल तयार होते.

अडचण अशी की, स्कॅनर घेऊन माणूस एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की रेंजच्या काड्या पूर्ण दिसत असूनही प्रोग्रॅम अडकतो, पुन्हा लॉगिन मागतो आणि अर्धवट काढलेली ऑर्डर पहिल्यापासून घ्यावी लागते. फोनवर बोलत जिना उतरलो तर मध्येच आवाज तुटतो. दुपारनंतर हा त्रास वाढतो. शेजारी फाउंड्री आहे आणि तिच्या भट्टीमुळेच हे होते, असे आमच्या फोरमनचे ठाम मत आहे. इंटरनेट जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाने मात्र आणखी दोन बूस्टर लावायला सांगितले आहे. आताच वायफायचे चार डबे आहेत. खर्चाला आमची ना नाही, पण तो योग्य जागी व्हावा. हा दोष बाहेरच्या व्यत्ययाचा आहे की एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना होणाऱ्या गोंधळाचा, आणि हे ओळखायचे कसे?

तारजोडणी

शिरोलीकर साहेब, बूस्टर घेण्यापूर्वी कृपया एवढे सांगा. चारही डबे केबलने जोडलेले आहेत की काही हवेतूनच सिग्नल घेऊन पुढे पाठवतात? प्रत्येक डबा कोणत्या चॅनेलवर (लहरींच्या कोणत्या पट्टीवर) आहे आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आहे की ४०? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑफिसात उभे राहून फोनला मिळालेला आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) लिहून ठेवा, मग दरवाजाजवळ जाऊन तो पुन्हा पाहा. तो बदलतो का?

राजारामपुरी_गल्ली

आमच्या क्लासमध्येही वरच्या मजल्यावरून खाली येताना हेच होते. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ओतकाम

फाउंड्रीवाल्यांच्या वतीने थोडे लिहितो, कारण आमच्या भट्टीवर हा आळ नेहमीच येतो. इंडक्शन भट्टीची वारंवारता साधारणतः काहीशे हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत असते. वायफाय चालते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे लाखो पटींनी वर. त्यामुळे भट्टी हवेतून तुमचे वायफाय बंद पाडते, ही समजूत मला मान्य नाही.

मात्र भट्टी विजेच्या वाटेने त्रास देऊ शकते. मोठा भार चढला-उतरला की त्याच फीडरवर व्होल्टेज क्षणभर खाली जाते. ट्यूबलाइट नुसती फडफडते, पण साधा अडॅप्टर लावलेला राउटर किंवा स्विच तेवढ्यात रीस्टार्ट होऊन पुन्हा उभा राहायला मिनिट-दोन मिनिटे घेतो. आमच्या स्वतःच्या ऑफिसात हेच चालले होते. स्विच आणि राउटर यूपीएसवर घेतल्यावर भट्टी तीच, वेळापत्रक तेच, पण तक्रार बंद झाली. तुमच्या डब्यांच्या सेटिंगमध्ये तो किती वेळ सलग चालू आहे याचा आकडा दिसतो. संध्याकाळी तो काही तासांवर आलेला दिसला, तर दुपारी डबा बंद पडून चालू झाला हे सिद्ध होते. आकडा काही आठवड्यांचा असेल, तर विजेचा प्रश्न तिथेच मिटला.

शिरोलीकर

सर्वांचे आभार. आज पाहणी केली. दोन डबे केबलवर आहेत आणि दोन रिपीटर आहेत. चारही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच दिला आहे. चॅनेल आपोआप निवडण्यावर ठेवले होते. २.४ गिगाहर्ट्झवर दोन डबे १ वर, एक ३ वर आणि एक ९ वर आहे. रुंदी ४०. ऑफिसात पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतो आणि दरवाजाजवळ १९२.१६८.१ ने. ओतकाम साहेब, डबे अनेक दिवस सलग चालू असल्याचे दिसते, त्यामुळे फोरमनला आता दुसरे कारण शोधावे लागेल.

तारजोडणी

तुमच्या तीन उत्तरांत तीन वेगळे दोष आहेत. ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळे खापर रेंजवर फुटते.

पहिला दोष पत्त्याचा. तुमचे केबलवरचे दोन्ही डबे स्वतंत्र राउटर म्हणून चालत आहेत आणि दोघेही डीएचसीपीने आपापले पत्ते वाटत आहेत. नाव एकच असल्यामुळे स्कॅनरला वाटते की आपण त्याच जाळ्यात आहोत, पण प्रत्यक्षात तो दुसऱ्या जाळ्यात शिरलेला असतो. जुन्या पत्त्यावर सर्व्हरशी जोडलेले सत्र तिथेच तुटते आणि प्रोग्रॅम लॉगिन मागतो. रेंज कितीही वाढवली तरी हा दोष जाणार नाही. दुसरा डबा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे राउटर न राहता फक्त वायफाय देईल असा) टाका, त्याची डीएचसीपी सेवा बंद करा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टमध्ये लावा. काही डब्यांत मोड बदलल्यावर कोणतेही पोर्ट चालते. पत्ते वाटणारा संपूर्ण गोदामात एकच असला पाहिजे.

दुसरा दोष रिपीटरचा. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर तीच माहिती पुन्हा बोलतो, म्हणजे माहितीचे प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते आणि उपलब्ध वेळ जवळपास निम्मा होतो. तिथे कॅट सिक्स केबल ओढा. एका टप्प्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, म्हणजे पीओई स्विचवरून वीज आणि डेटा एकाच केबलने जातील आणि उंचावर वेगळा प्लग पॉइंट काढावा लागणार नाही.

तिसरा दोष चॅनेलचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये लगतच्या चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांना न झाकता शेजारी नांदू शकतात. दोन डबे एकाच चॅनेलवर असले तर निदान एकमेकांचे बोलणे ओळखून थांबतात आणि वेळ वाटून घेतात. ३ वरच्या डब्याला मात्र १ वरचे बोलणे नीट कळत नाही, त्याला तो नुसता गोंगाट वाटतो, पाकिटे खराब होतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. त्यामुळे ३ आणि ९ सोडा. ४० ची रुंदी या पट्ट्यात कुठल्याही व्यवसायाच्या जागेत ठेवू नये, कारण एकच डबा अर्ध्याहून अधिक पट्टा अडवून बसतो.

शाहूपुरी_व्यापारी

एवढा खटाटोप कशाला? आमच्या शोरूममध्ये मेशचा (आपसांत हवेतून जोडले जाणाऱ्या) तीन डब्यांचा संच आणला, ॲपवरून जोडला आणि विषय संपला. केबल ओढण्यासाठी भिंती फोडाव्या लागल्या नाहीत. सर्वसामान्य व्यापाऱ्याला चॅनेल आणि पत्ते शिकवण्यापेक्षा हा मार्ग सुटसुटीत आहे, असे माझे मत आहे.

सूक्ष्मलहर

शाहूपुरीकर, तुमच्या शोरूमसाठी तो निर्णय योग्यच असेल, कारण जागा मोकळी आहे, फिरणारी उपकरणे कमी आहेत आणि मेशचा संच पत्त्यांचा घोळ आपोआप टाळतो. पण लोखंडी रॅकच्या गोदामात डब्यांमधला हवेतला दुवाच आधी अशक्त होतो. रॅक भरले, फोर्कलिफ्ट मध्ये उभी राहिली की तो दुवा बदलतो. मेश घ्यायचाच असेल तर ज्याचे डबे पाठीमागून केबलने जोडता येतात असा घ्यावा. म्हणजे फिरून केबलवरच येतो.

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. कोणत्या डब्याला चिकटून राहायचे आणि तो कधी सोडायचा, हा निर्णय डबा घेत नाही, उपकरण घेते. ॲपलने आयफोनसाठी ही मर्यादा जाहीर केलेली आहे. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) खाली गेल्याशिवाय फोन दुसरा डबा शोधायलाच लागत नाही, आणि सापडलेला डबा डेटा चालू असताना निदान ८ डीबीने सरस असेल तरच तिकडे जातो. स्वस्त स्कॅनर तर याहून हट्टी असतात. ऑफिसातल्या डब्याची ताकद कमाल ठेवली की दरवाजापर्यंत त्याचा सिग्नल उणे ६५ येतो, मग डोक्यावर दुसरा डबा टांगलेला असूनही स्कॅनर ऑफिसालाच धरून बसतो. जोतिबाच्या यात्रेत भोंग्यावरची सूचना डोंगरभर ऐकू येते, पण तुम्ही गर्दीतून दिलेले उत्तर मंडपापर्यंत पोहोचत नाही, तसे हे आहे. डब्याचा आवाज मोठा, स्कॅनरचा लहान, म्हणून काड्या पूर्ण दिसतात आणि काम मात्र होत नाही.

म्हणून ताकद वाढवण्याऐवजी कमी करा. ५ गिगाहर्ट्झवर मध्यम, म्हणजे १४ ते १७ डीबीएमच्या आसपास, आणि २.४ वर त्याहून सुमारे ६ डीबीने कमी. जिथे काम चालते तिथे एका डब्याचा सिग्नल उणे ६७ किंवा त्याहून चांगला मिळावा आणि हद्दीवर दुसऱ्याचाही जवळपास तेवढाच मिळावा, असे अंतर ठेवा. बूस्टर सांगणाऱ्याने नेमका याच्या उलट सल्ला दिला आहे.

गूळमार्केट

मार्केट यार्डातला अनुभव सांगतो. गुळाच्या गोदामात वायफाय बसवताना कंत्राटदाराने पाहणी केली ती हंगामाआधी, गोदाम रिकामे असताना. सगळीकडे सिग्नल उत्तम आला. दिवाळीनंतर आवक वाढली, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) थप्पी पुरुषभर उंचीच्या वर गेली आणि मागच्या दोन बोळांत फोनवर नुसते चक्र फिरत राहू लागले. गुळात ओलावा असतो आणि पाणी या लहरी शोषून घेते, त्यात भिंतीसारखी सलग थप्पी. कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यामुळे बाहेरचा डबा कितीही जवळ असला तरी आत काहीही पोहोचत नाही; आतला डबा वेगळा लागतो आणि तोही थंडी व दमटपणा सोसणारा.

तेव्हापासून आम्ही पाहणी माल भरलेला असतानाच करून घेतो आणि डबे थप्प्यांवर न ठेवता बोळाच्या मध्यरेषेवर टांगतो. शिरोलीकर, तुमच्या रॅकमध्ये ओतीव लोखंड भरलेले असणार, म्हणून ही गोष्ट तुम्हाला आमच्याहून जास्त लागू पडते.

वॉर्ड_नेटवर्क

मी एका रुग्णालयाचे नेटवर्क सांभाळते. आमच्याकडे परिचारिका टॅब घेऊन खाटेपासून खाटेपर्यंत फिरतात, त्यामुळे सूक्ष्मलहर यांनी सांगितलेल्या गोष्टी रोज डोळ्यांसमोर घडतात. त्यात काही भर घालते.

एक म्हणजे, वायफायच्या नावांची संख्या आवरा. ऑफिस, पाहुणे, कॅमेरे, लेखा विभाग, स्कॅनर अशी वेगवेगळी नावे देण्याचा मोह होतो. प्रत्येक नावासाठी प्रत्येक डबा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा वेळा, आपली ओळख सांगणारे पाकीट सोडतो. किमान वेग १ एमबीपीएसवर ठेवलेला असेल तर ३०० बाइटच्या अशा एका पाकिटाला जवळपास अडीच मिलिसेकंद लागतात. सहा नावे म्हणजे सेकंदातले सुमारे १५० मिलिसेकंद फक्त ओळख सांगण्यात गेले, आणि एकाच चॅनेलवर ऐकू येणारे असे तीन डबे असतील तर काम सुरू होण्याआधीच ४५ टक्के वेळ संपला. १, २, ५.५ आणि ११ हे जुने वेग बंद करून किमान वेग १२ केला की हा भार एकदम उतरतो, आणि दूरचे उपकरण कमकुवत दुवा धरून बसत नाही, हा दुसरा फायदा. अगदी जुने एखादे यंत्र फक्त ११ पर्यंतच बोलत असेल तर त्याची आधी खात्री करा.

दुसरे म्हणजे, ८०२.११के, व्ही आणि आर या वायफायच्या मानकातल्या, डबा बदलणे सोपे करणाऱ्या सोयी. के मुळे डबा उपकरणाला शेजारच्या डब्यांची यादी देतो, म्हणजे त्याला सगळे चॅनेल धुंडाळावे लागत नाहीत. व्ही मुळे डबा दुसरीकडे जाण्याचे सुचवतो, सक्ती करत नाही. आर मुळे डबा बदलताना ओळख पटवण्याची लांबलचक देवाणघेवाण आटोपशीर होते. रेडियस सर्व्हरवरून (प्रत्येकाची ओळख एका मध्यवर्ती ठिकाणी तपासून) लॉगिन होत असेल तर याचा फरक बोलताना कानाला कळतो. साध्या पासवर्डच्या जाळ्यात तो तितका मोठा नसतो. काही जुने स्कॅनर आणि प्रिंटर आर चालू केल्यावर जोडलेच जात नाहीत. म्हणून के आणि व्ही सरसकट चालू करा, पण आर आधी एका वेगळ्या नावावर तपासा.

तिसरी गोष्ट पॅन्ट्रीतली. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि आपल्या ५० हर्ट्झ विजेवर तो दर आवर्तनातला सुमारे अर्धा वेळ जागा असतो. त्याच्या शेजारी २.४ वर चालणारा टॅब जेवणाच्या सुट्टीत रडकुंडीला येतो. तुमच्याकडे त्रास दुपारी वाढतो, म्हणून हेही पाहून घ्या.

कटवडा

म्हणजे डब्यातला रस्सा गॅसवरच गरम करायचा. चवीलाही तोच चांगला लागतो.

शिरोलीकर

ओव्हन आमच्याकडे नाही. पण दुपारनंतर ट्रक लागतात, म्हणजे दरवाजाच्या बाजूला गर्दी आणि स्कॅनिंग दोन्ही वाढते. त्या बाजूला नेमके दोन्ही रिपीटर आहेत. दुपारचे कारण तेच असावे, असे आता वाटू लागले आहे.

उद्यमनगर_वर्कशॉप

उद्यमनगरात शेड एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे आमचा प्रश्न शेजाऱ्यांच्या वायफायचा होता. यादी काढली तर २.४ वर एवढी नावे दिसली की त्यांतून रिकामी जागा शोधणे अशक्य होते. मग आम्ही लगतच्या शेडवाल्यांशी बोललो, चहाला बसलो आणि कोणी १, कोणी ६, कोणी ११ घ्यायचे ते ठरवले. सर्वांनी रुंदी २० केली. कोणाचाही पैसा खर्च झाला नाही आणि फरक सगळ्यांना जाणवला. शिवाय बिलिंगचे सगळे संगणक ५ गिगाहर्ट्झवर हलवले. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग परवानामुक्त केला, त्यामुळे तिथे चॅनेल भरपूर आहेत आणि हा पट्टा भिंतीतून कमी जात असल्याने शेजाऱ्याचा त्रासही कमी पोहोचतो.

आणखी एक बारीक गोष्ट. आमच्या एका संगणकाचा वायरलेस माउस सतत अडखळत होता. यूएसबी ३ ची बाह्य हार्ड डिस्क त्याच्या डोंगलला खेटून लावलेली होती. तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडते. डोंगल एक्स्टेन्शनने पुढे आणला आणि माउस सुरळीत झाला.

गोकुळशिरगाव_प्लँट

५ गिगाहर्ट्झला एक अट आहे, तीही लिहायला हवी. चॅनेल ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. डबा त्यावर सुरू होण्याआधी निदान ६० सेकंद ऐकतो, रडारसारखा स्पंद जाणवला तर १० सेकंदांत तो चॅनेल सोडतो आणि पुढची ३० मिनिटे तिकडे फिरकत नाही. आमच्याकडे सगळी यंत्रे एकदम तुटून मिनिटभराने परत येत असत. डब्याच्या लॉगमध्ये रडार आढळल्याची नोंद मिळाली. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यामुळे सर्वांनी तिकडेच बोट दाखवले. तसे असेलच असे नाही, कारण डब्यांना कधी कधी खोटा भासही होतो. आम्ही तपासाच्या मागे न लागता स्कॅनरचे डबे ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ यांवर बसवले आणि ५२ च्या पुढचे चॅनेल फक्त ऑफिसच्या लॅपटॉपसाठी ठेवले. त्यानंतर तशी तुटातूट झालेली नाही.

महाद्वार_वाडा

जुन्या वाड्यात दुकान असणाऱ्यांसाठी : काळ्या दगडाच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ पार होत नाही, त्यामुळे प्रत्येक दालनाला स्वतंत्र डबा आणि केबल, याला पर्याय नाही.

शिरोलीकर

उशिरा लिहितो आहे, पण काम करूनच लिहायचे ठरवले होते. दोन्ही रिपीटर काढले, छताच्या कैच्यांवरून केबल ओढून चारही डबे पीओई स्विचला जोडले आणि स्विच यूपीएसवर घेतला. पत्ते आता एकच राउटर वाटतो. २.४ वर १, ६ आणि ११, चौथ्या डब्याचा २.४ पूर्ण बंद, आणि ५ गिगाहर्ट्झवर ३६, ४४, १४९ आणि १५७, सगळीकडे रुंदी २० च. ताकद सूक्ष्मलहर यांनी सांगितली तशी उतरवली. लॉगिन मागणे थांबले आहे. जिन्यावर बोलताना आवाज तुटत नाही. सर्व्हर पूर्वी इतका मंद वाटायचा की तो बदलायचा विचार होता, तोही आता बाजूला ठेवला आहे.

एकच जागा राहिली. शेवटच्या ओळीतून दरवाजाकडे वळताना दोन जुने स्कॅनर अजूनही काही सेकंद अडकतात. नवे स्कॅनर तिथेच व्यवस्थित चालतात.

सूक्ष्मलहर

फार समाधान वाटले. नवे चालतात आणि जुने अडकतात, याचा अर्थ आता जाळे ठीक आहे आणि निर्णय घेणारे उपकरण मंद आहे. जुन्या स्कॅनरच्या वायफाय सेटिंगमध्ये रोमिंगची (दुसरा डबा शोधायला लागण्याची) मर्यादा असते का पाहा. ती उणे ८० च्या आसपास असेल तर उणे ७० करा. त्याच ठिकाणी शोधायच्या चॅनेलांची यादी असेल तर तुम्ही वापरता तेवढेच चॅनेल त्यात ठेवा, म्हणजे बाकीचे धुंडाळण्यात वेळ जाणार नाही. स्कॅनर दोन्ही पट्टे बोलत असेल तर त्याचा २.४ बंद करा.

तारजोडणी

आणि ज्या वळणावर तो अडकतो तिथे डबा रॅकच्या आड आहे का, तेही बघा. सरळ बोळातून चालताना सिग्नल हळूहळू उतरतो आणि उपकरणाला तयारीला वेळ मिळतो, पण रॅकच्या कोपऱ्यावर एका पावलात १५-२० डीबी जातात. शेवटचा डबा वळणाच्या टोकावर, दोन्ही बोळ दिसतील असा सरकवला तर जुना स्कॅनरही वेळेत सावध होईल.

शिरोलीकर

डबा रॅकच्या आडच आहे, वळणापासून दोन खांब मागे. केबलला पुरेसा ढिला फेरा ठेवलेला आहे. रविवारी माल नसतो, पण गूळमार्केट यांचे म्हणणे लक्षात घेऊन सोमवारी दुपारी, ट्रक लागलेले असतानाच, डबा सरकवून मोजमाप घेतो आणि जुन्या स्कॅनरचे आकडे इथे टाकतो.